झोळीत टाकलेली गोळी

माझ्या इवायांना दुसऱ्याचं व्यसन कोसभर लांबून दिसतं. स्वतःचं तेवढं दिसत नाही, कारण ते त्यांच्या डाव्या गालात असतं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. जन्मभर शाळेत मराठी शिकवली, निवृत्त झाले, आणि वर्ग हातचा गेला म्हणून आता नात्यातल्या माणसांनाच बाकावर उभं करतात. खर्रा मात्र निवृत्त झाला नाही. सुपारी, तंबाखू न् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा, आणि तोंड आभाळाकडे करून, थेंब सांडू न देता, आपल्याला संस्कार शिकवायचे. ऐकणाऱ्यानं मान डोलवायची. मुलीची माय असेल तर जरा जास्तच डोलवायची.

मी गोळी घेते. आधीच सांगून टाकते, उगाच कोणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. आमचा धंदा भाजी-फुलांचा. परतवाड्याला लागून मळा आहे. आमचे हे पिकवतात आणि मी बाजारात बसते, कारण त्यांना भावावरून बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. काही वर्षांपूर्वी बाजारातून येताना आमची काळीपिवळी जीप नाल्यात उलटली. हाडं शाबूत राहिली, पण जीव बिथरला तो बिथरलाच. गाडीचा आवाज आला की पाय गळायचे. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मी छातीला हात लावून आता मरते की मग मरते अशी. लोकांनी लिंबू उतरवून पाहिलं, मिरच्या जाळून पाहिल्या, एका शहाणीनं तर उलटलेल्या जीपचीच ओटी भरायला सांगितली. शेवटी ह्यांनी अमरावतीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक बारीकशी गोळी दिली, रात्री जेवल्यावर घ्यायची. महिन्या-दोन महिन्यांत मी पुन्हा वांगी न् सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांच्या ढिगामागे बसून गिऱ्हाइकांशी भांडायला लागले. म्हणजे बरी झाले. तेव्हापासून रोज एक गोळी घेते. दुसरी कधी मागितली नाही, अर्धी जास्त घेतली नाही. रक्तदाबाची गोळी घेणारे घेतात तशीच.

हे कोणाला सांगायची गरज पडली नव्हती. पण लेकीला दिवस गेले आणि तिच्या सासरी डोहाळजेवण ठरलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ओटी भरली की पोरीला माय घेऊन जाते, आणि बाळ मोठं झाल्यावरच परत पाठवते. मी त्यासाठी काय काय करून ठेवलं होतं ते आता सांगत नाही, माझंच मला हसू येतं. खोली सारवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, बाळंतिणीच्या लाडवांचा डिंकसुद्धा निवडून डब्यात भरून ठेवला. एकुलती एक पोट्टी. तिचं बाळ माझ्या हातात आधी येणार, मी त्याला न्हाऊ घालणार, एवढंच माझ्या डोक्यात.

डोहाळजेवण झकास झालं. मुक्काम त्यांच्याकडेच होता, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या सप्त्याचा काला होता आणि तो पाहिल्याशिवाय जाऊ नका असा इवाईबुवांचा आग्रह. संध्याकाळी जेवण झालं आणि मी पिशवीतून गोळी काढून पाणी मागितलं. इहीनबाईंनी, म्हणजे लेकीच्या सासूनं, पाणी दिलं आणि विचारलं, "कायची गोळी व ताई?" मी भोळी. सांगितलं, जीव घाबरते त्याची. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि चष्मा शोधायच्या निमित्तानं आतल्या खोलीत नवऱ्याकडे नेलं. बाई चष्मा लावतच नाहीत, हे मला नंतर आठवलं.

इवाई बाहेर आले ते मोबाईल समोर धरूनच. तोंडातलं आधी थुंकून आले, म्हणजे विषय गंभीर होता.

"इहीनबाई, ही गोळी सवय लावणारी आहे. इथे स्पष्ट लिहिलं आहे."

"डॉक्टरनं देल्ली आहे बुवा," मी म्हटलं.

"नशेचा पदार्थ कोणी दिला यानं तो नशेचा राहत नाही का? तुम्ही किती वर्षांपासून घेता?"

मी सांगितलं. खरं सांगायची खोड आहे मला, काय करता.

"आणि एक दिवस नाही घेतली तर?"

"चैन नाही पडत."

"हंऽऽ," इवाई म्हणाले. आयुष्यभर कॉपी पकडली असेल, तो आनंद पुन्हा चेहऱ्यावर. "यालाच व्यसन म्हणतात. माझा नातू नशेच्या घरात जन्माला येणार नाही. आधी ही सोडा, मग पोरगी न्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ज्या माणसाला सकाळी खर्रा मिळाल्याशिवाय संडास होत नाही, त्यानं माझ्या नखाएवढ्या गोळीला नशा म्हणावं! मी जावयाकडे पाहिलं. ते बापाच्या पुढ्यात पंख्याकडे पाहत होते. लेकीकडे पाहिलं. ती हिरव्या बांगड्या फिरवत मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, एक शब्द बोल बाई. तुझी माय आहे मी, रस्त्यावरची गर्दुल्ली नाही. ती बोलली नाही. ते मला त्या म्हाताऱ्याच्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काला. त्या महाराजांची एक रीत आहे, चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. कीर्तन संपलं की ते खांद्यावरची झोळी पसरून मांडवातून फिरतात आणि म्हणतात, मले पैसा नको, धान्य नको, तुमचं व्यसन भीक घाला. मग कोणी तंबाखूची डबी टाकतो, कोणी बिड्यांचा कट्टा, बाया मिश्रीच्या डब्या टाकतात. टाळ्या वाजतात, माळ गळ्यात पडते. यातले दहातले दोन खरंच सोडतात, तेवढंही पुष्कळ आहे.

झोळी आमच्यासमोर आली. इवाईबुवा उठले, सदऱ्याच्या खिशातून खर्र्याची पन्नी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, आणि टाकली. टाळ्या. इहीनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग ते माझ्याकडे वळून मांडवभर ऐकू जाईल अशा मास्तरी आवाजात म्हणाले, "इहीनबाई, आता तुम्ही. नातवासाठी."

साऱ्या बाया माझ्याकडे वळल्या. महाराजांना बिचाऱ्यांना काय माहीत, ते "टाक माय, टाक" म्हणत उभे. आणि मी टाकली. पिशवीतलं अख्खं पाकीट झोळीत टाकलं, डबीशेजारी, बिडीशेजारी. माझ्याही गळ्यात माळ पडली, मलाही टाळ्या मिळाल्या. मला नातू पाहिजे होता हो. त्या बदल्यात त्यांनी माझं मुंडकं मागितलं असतं तरी मी तेव्हा विचार केला असता.

मांडवातून घरी येईपर्यंत इवाईबुवांचा गाल पुन्हा फुगलेला होता. दुसरी पन्नी पँटच्या खिशात होती. "हे तोंड साफ करायले फक्त," असं मला पाहून म्हणाले. घाबरले की त्यांची शुद्ध मराठी सुटते.

पण दिला शब्द पाळला, पोरगी सोबत दिली. आम्ही मायलेकी अकोटावरून परतवाड्याच्या बसनं आलो. पहिला दिवस गेला, मी म्हटलं, चला, काही होत नाही, उगाच लोक गोळ्या खातात. मग झोप गेली. मग भूक गेली. भांडं आपटलं तरी कानात खिळा मारल्यासारखं व्हायचं. अंगाला दरदरून घाम, आणि हात असे थरथर की चहा कपात कमी, बशीत जास्त. ह्यांनी दोनदा विचारलं, "आणू का गोळी?" दोन्ही वेळा मी अंगावर गेले. "शब्द देल्ला म्या. पोट्टीले परत नेतीन ते." लेक माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता माझ्या हातातलं काम काढून घ्यायची. मला वाटायचं, हिलाही माझी लाज वाटून राहिली. नशेबाजाची नशा उतरते ती अशीच, असं मनात म्हणत असेल.

अशात एका सकाळी आम्ही दोघी ओट्यावर झेंडू निवडत बसलो होतो. सणाचे दिवस, फुलांचे ढीग. त्यापुढचं मला आठवत नाही. ह्यांनी सांगितलं ते असं, की मी बसल्या जागी ताठ झाले, डोळे फिरले, आणि फुलांत आडवी पडून हातपाय झाडायला लागले. आयुष्यात मला कधी फिट आली नव्हती. पोटुशी पोरगी माझं डोकं मांडीत धरून ओरडत होती. ह्यांनी शेजारची गाडी काढली आणि मला अमरावतीला नेलं.

मी दवाखान्यात पडले होते तेव्हाच इवाई गाडी घेऊन परतवाड्याला आले. फिटची बातमी नात्यात आमच्या आधी पोचली होती. लेकीला उचललं आणि घेऊन गेले. बरं, गेले ते गेले, जाताना आमच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर उभं राहून सांगून गेले की गोळीची नशा मेंदूत गेली, आमचे डोळे वेळेवर उघडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. गोळी सोडायला लावली यानं, आणि सोडल्यामुळे पडले तर तोही गोळीचाच गुन्हा! सून सातव्या-आठव्या महिन्यात गाडीत कोंबून नेताना यांच्या मेंदूत काय गेलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

अमरावतीचे जुने डॉक्टर सोडून गेले होते. त्यांच्या जागी एक बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, आणि माझ्यापेक्षा चिडक्या.

"गोळी एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

"इवायानं."

"ते डॉक्टर आहेत?"

"मराठीचे मास्तर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला प्रश्न विचारले. गोळी कधी मनानं वाढवली का? नाही. दोन डॉक्टरांकडून घेतली का? नाही. लपवून घेतली, खोटं बोललात, तिच्यासाठी कामधंदा सोडला, घरात भांडणं केली? भांडणं केली, पण तिच्यासाठी नाही, म्हटलं. घेतल्यावर मजा वाटते का? मी म्हटलं, बाई, मजा कायची, घेतली म्हणजे मी इतर लोकांसारखी असतो, एवढंच. प्रत्येक प्रश्नाला माझ्या डोळ्यांसमोर एक फुगलेला गाल येत होता, आणि तिथली उत्तरं सगळी हो होती. खरं सांगते, त्या आजारपणात मला तेवढा एकच आनंद मिळाला.

मग बाईंनी समजावलं. शरीर काही औषधांना सरावतं. त्यांच्या जोरावर आपला तोल धरून राहतं. औषध एकदम काढलं की तोल जातो, माणूस थरथरतो, कधी फिट येते. हे अवलंबून राहणं झालं. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, देवमाणसाचंही शरीर असंच वागेल. व्यसन वेगळं. त्यात मन त्या वस्तूच्या मागे धावतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, वाढवत जातं, लपवत जातं. "तुम्हाला पहिलं आहे, दुसरं नाही," त्या म्हणाल्या.

"हे मले लिहून द्या," मी म्हटलं, "मी अकोल्याच्या गांधी चौकात लावतो."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचंही चुकलं आणि आमचंही. इतकी वर्षं ही गोळी अशी चालू ठेवायची नसते. जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देत गेला, तुम्ही घेत गेलात, आणि आम्ही कोणी तुम्हाला परत बोलावून विचारलं नाही. आता पुन्हा सुरू करू, जीव ठिकाणावर आला की थोडी थोडी कमी करू, तुमचं शरीर म्हणेल त्या चालीनं. सुटली तर सुटली, नाही सुटली तर जेवढी लागते तेवढी घ्याल. आणि अजून एक म्हणाल्या, ते मात्र मला तेव्हा गिळवलं नाही आणि आताही अर्धंच गिळलंय. म्हणाल्या, व्यसन लागलेला माणूसही आजारीच असतो, त्याला हिणवून तो सुटत नाही. असेल बाई. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही दया करा. माझी पोरगी गाडीत घालून नेली नसती तर मीही केली असती.

घरी आले. गोळी सुरू झाली, हात ठिकाणावर आले, मी बाजारात बसायला लागले. पण लेकीचा फोन नाही. मी लावला तर इहीनबाई उचलायच्या, "झोपली आहे व," म्हणायच्या. दिवसभर कोणती पोटुशी बाई झोपते, मला तरी माहीत नाही. मी एकदा ह्यांच्यापाशी रडले. म्हटलं, सासऱ्याचं सोडा, तिनंही मले नशेबाज ठरवलं. एक शब्द बोलली नाही तिथं, एक शब्द बोलली नाही इथं. हे म्हणाले, "तिनं तुले पडताना पायलं आहे." त्यांचं बोलणं असंच असतं, अर्धं देतात आणि मळ्यात निघून जातात. मी म्हटलं, म्हणूनच तर.

मग एका दुपारी जावयांचा फोन आला की मुलगा झाला. अकोल्यातच, दवाखान्यात. या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही म्हणाले नाहीत. जावई आमचे पंख्याकडे पाहूनच फोन करतात वाटतं. आम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो. डिंकाचे लाडू घेतले, दुपटी घेतली. लेकीचं बाळंतपण माझ्या हातून व्हायचं राहिलं ते राहिलं, निदान पोराचं तोंड पाहू द्या.

खोलीच्या दाराशीच इवाई खुर्ची टाकून बसले होते, चौकीदारासारखे. गाल भरलेला. मला पाहून हात वर केला, थांबा म्हणून. काहीतरी फार मोठं बोलायचं होतं त्यांना, पण तोंड उघडता येईना. खिडकीपाशी गेले तर खाली लोक उभे. शेवटी जिन्याकडे पळाले, थुंकायला. तेवढ्यात मी आत शिरले.

लेक खाटेवर होती, वाळून गेलेली. बाळ इहीनबाईंच्या मांडीवर. मी जवळ गेले, हात पुढे केले. इहीनबाईंनी बाळाला जरा छातीशी ओढलं. फार नाही, वीतभर असेल. मी हात मागे घेतले. आता सांगा, त्या वेळी काय बोलायचं असतं? मला भांडता येतं, पण नातवावरून भांडता येईना.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, रातची गोळी घेतली का वं?"

इवाई परत येऊन दारात उभे राहिले होते, त्यांनीही ऐकलं. मी मनात म्हटलं, आली का गं तूही त्यांच्यात. एवढ्या दिवसांनी मायशी बोलली ती हे विचारायला. खोटं बोलावं असं एक क्षण आलं मनात. आयुष्यात पहिल्यांदा आलं. पण मी का खोटं बोलू?

"घेतली," मी म्हटलं. "रोज घेतो. डॉक्टरनं सांगितलं तशी. कोणाले नाई आवडलं तं नाई आवडलं."

"विसरली तं नाई ना एखादवेळी?"

"नाई."

इवाई म्हणाले, "पाहा! स्वतःच्या तोंडानं..."

"बाबा, तुमी थांबा जरा," लेक म्हणाली. सासऱ्याला एवढं बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती. मग ती सासूकडे वळली. "तिनं सोडली तवा ते पडली. मीच धरलं व्हतं डोकं तिचं. आता घेतली आहे, हात पाहा, जरा थरथरत नाईत." आणि मग जरा चिडूनच, अगदी माझ्यासारखी, "द्या ना बाळ तिच्यापाशी."